दशमीची भरती

खारघर सुटलं की मानसरोवर यायच्या आधी गाडी एका पुलावरून जाते. तेवढ्यापुरता डब्यातला उजेड बदलतो. खाली खाडी, दोन्ही अंगांना तिवरांचं दाट रान, आणि लगेच पुन्हा इमारती. कामोठ्यात राहायला येऊन मला चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ती खाडी मी जाता-येता रोज दोनदा पाहिली आणि एकदाही तिच्या काठाशी गेले नाही. मी कोरेगावकडची. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, नाहीतर धोमचा कॅनॉल. खाडीशी कसं वागायचं असतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. इथे येऊन तिची ओळख झाली ती वासाने. संध्याकाळी वारा फिरला की सेक्टरभर खिडक्या लागतात, आणि खाडीची आठवण तेवढीच.

यंदाच्या थंडीत दक्षिण गोव्यात साळ नदीच्या खाडीत मी पॅडलबोर्डवर दोन तास काढले. हवा भरलेली साडेदहा फुटांची फळी, हातात एकाच टोकाला पातं असलेलं लांब वल्हं, घोट्याला बांधलेली दोरी, अंगात लाइफ जॅकेट आणि पुढे वाट दाखवणारा एक मुलगा. त्याने पहिली दहा मिनिटं आम्हाला गुडघ्यांवरच ठेवलं. मग म्हणाला, आता उभ्या राहा, पण पायांकडे बघू नका, समोरच्या झाडाकडे बघा. पायांकडे पाहिलं की तोल जातो. मी पाहिलं, आणि पाण्यात गेले. कोमट, खारट, कमरेएवढं पाणी. दुसऱ्या वेळी झाडाकडे पाहिलं आणि उभी राहिले.

पुढचं सांगणं अवघड आहे, तरी सांगते. होडीत आपण पाण्यावर बसलेले असतो. फळीवर पाणी थेट तळव्यांखाली हलतं. इंजिन नाही, त्यामुळे खंड्या आहे तिथेच बसून राहतो. ओणव्या फांद्यांखालून जाताना कांदळाच्या शेंगा खांद्याला लागल्या. त्या शेंगा नव्हेत, रोपं होती. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं, हातभर लांब होतं आणि मग सुटून खालच्या चिखलात उभं रुततं. त्या मुलाने तिवराचं एक पान उलटं करून दिलं आणि जिभेला लावायला सांगितलं. मीठ. झाड खारं पाणी पितं आणि नको असलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चौदा वर्षं हेच झाड माझ्या गाडीच्या खिडकीतून मागे जात होतं.

परत आल्यावर हे सगळं पहिल्यांदा सांगितलं ते काकांना. काका म्हणजे आमचे घरमालक, कामोठे गावातले आगरी, वय सत्तरीच्या पुढे. साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर त्यांनी बांधलेल्या इमारतीत आम्ही पहिल्यापासून भाडेकरू. इमारतीच्या मागे त्यांची जुनी होडी पालथी पडलेली आहे. तिच्या बुडावर काकू मिरच्या वाळवतात. काकांची बोली मी इथे जशीच्या तशी उतरवलेली नाही. ती त्यांच्या तोंडी ऐकावी. माझ्या लेखणीत तिचा ठेका बिघडेल.

"म्हणजे फळीवर उभं राहायचं आणि वल्हवायचं," काका म्हणाले. "आणि त्याचे पैसे तू दिलेस."

"दिले. पुन्हा देईन."

"बाय, अशी फळी आमच्याकडे पण आहे. थर्माकोलची. दोन लाद्या एकावर एक बांधायच्या, वर गोणपाट. होडी परवडत नाही ती पोरं तिच्यावर बसून बोक्षी लावायला जातात. त्यांना कोणी लाइफ जॅकेट देत नाही, फोटो पण काढत नाही."

ते खरं होतं. पुलावरून मीही पाहिलंय, पांढऱ्या लादीवर उकिडवा बसलेला माणूस, हाताने पाणी मागे सारत चाललेला. हवाई बेटांवरून निघालेला हा उभ्याने वल्हवायचा प्रकार आज बालीपासून फ्लोरिडापर्यंतच्या कांदळवनांत वाटाड्यांसह चालतो. काकांना ते सांगून काही उपयोग नव्हता. त्यांच्या वडिलांनी होडीत उभं राहून बांबूने रेटतच सगळी खाडी पायाखाली घातली होती.

"मी वेगळं विचारायला आले होते," मी म्हटलं. "गोव्यात आहे ते इथे का नाही? आपल्याकडेही खाडी आहे, तिवर आहे, पाणी संथ आहे. सकाळी आठ-दहा माणसांना कोणीतरी घेऊन जावं, दोन तास फिरवावं, झाड ओळखायला शिकवावं. कामोठ्यात एवढी माणसं राहतात. त्यांतल्या किती जणांनी खाडीला हात लावलाय?"

"नाही लावला ते बरं झालं."

"का?"

"हाताला खाज सुटली असती."

ते हसले नाहीत. मीही नाही. कासाडी नदी तळोज्याच्या कारखान्यांमधून येऊन याच खाडीला मिळते. २०१७च्या ऑगस्टमध्ये तळोज्याचे भटके कुत्रे निळे झाले होते आणि ते फोटो जगभर गेले. काकांना तो महिना पक्का आठवतो.

"कुत्रे निळे झाले तेव्हा पेपरात आलं," ते म्हणाले. "मासा कुठल्या रंगाचा झाला, कोणी विचारलं? मी लहान होतो तेव्हा इथे जिताडा मिळायचा, हाताएवढा. बोय, खरबी, चिवणी, कोळंबी. चिंबोऱ्या तर पोरं काठीने काढायची. आता पाग टाकला तर येते पिशवी."

"म्हणूनच म्हणते. कोणी बघायला नसलं की कोणीही काहीही सोडतं. रोज सकाळी दहा माणसं पाण्यावर असली तर सोडणाऱ्याला दहा वेळा विचार करावा लागेल."

काका बराच वेळ बोलले नाहीत. पालथ्या होडीवरची एक मिरची त्यांनी उलटी केली.

"आम्ही होतो ना पाण्यावर," ते म्हणाले. "रोज. एकेका घराची होडी होती. पाण्याला रंग आला की पहिलं आम्हाला दिसायचं. आम्ही ओरडलो, अर्ज केले, मेलेले मासे टोपलीत घालून दाखवायला नेले. तेव्हा कोणी दहा वेळा विचार केला नाही. आता तुझ्या फळीवरचा माणूस बोलला की ऐकतील?"

माझ्याकडे याचं उत्तर होतं, पण ते तोंडून काढायला जड गेलं. "ऐकतील, काका. तुमचं ऐकलं नाही हा अन्याय आहे. पण सेक्टरमधला माणूस तक्रार करतो, व्हिडिओ काढतो, वकील गाठतो. त्याचं ऐकतात. खाडीवर त्याचा जीव जडला तर तो तुमच्या बाजूने उभा राहील. आज तो खिडकी लावून घेतो."

"म्हणजे आमच्या खाडीला साक्षीदार तुमचा लागणार."

"आमचीही कधी होणारच नाही का खाडी? चौदा वर्षं झाली."

"तुमची होईल. आमची राहील का, ते बघ."

त्यांच्या या बोलण्यामागे मोठा इतिहास आहे. १९७०मध्ये सिडको आली आणि पनवेल-उरण-ठाणे पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन शहरासाठी घ्यायचं ठरलं. कामोठ्याची भातशेती खारी होती. बांध घालून समुद्राचं पाणी बाहेर ठेवायचं, उघाडीतून पावसाचं पाणी सोडायचं आणि राता तांदूळ घ्यायचा, अशी. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान फाट्यावर आंदोलन झालं, गोळीबारात पाच माणसं गेली, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. मी राहते ती इमारत त्या साडेबारा टक्क्यांची. उरलेल्या साडेसत्त्याऐंशी टक्क्यांवर आमचे सेक्टर, स्टेशनं, शाळा. पण त्या हिशेबात खाडी कुठेच नव्हती. मासेमारीचा सातबारा नसतो. जमीन गेली त्याचे कागद झाले. पाणी गेलं त्याचा कागद झाला नाही. काकांच्या आवाजातली धार तिथली आहे हे कळायला मला वेळ लागला.

"पण तिवर तर वाचला ना?" मी विचारलं. मला तो मुद्दा पक्का वाटत होता. ऑक्टोबर २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवर तोडायला बंदी घातली. २०१२मध्ये वनखात्याचा कांदळवन कक्ष सुरू झाला. सप्टेंबर २०१८च्या अंतिम निकालाने तर तिवर तोडणं हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवरचा घाला ठरवला आणि कांदळवनाभोवती ५० मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितली. २०२०मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष झाला. एवढं सगळं मी वाचून आले होते आणि ते काकांना भरभरून सांगितलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "तिवर वाढला म्हणजे खाडी बरी आहे असं तुला वाटतं?"

"नाही का?"

"गाळ वाढला म्हणून तिवर वाढला. जिथे माझी होडी तरंगायची तिथे आज झाड उभं आहे. वरून भराव, माती, डेब्रिज येतं. पाण्याची वाट अरुंद होते. कडेला गाळ बसतो, त्यावर बी रुजतं. तू गाडीतून बघतेस आणि म्हणतेस, किती हिरवं. मी बघतो आणि म्हणतो, इथे चार पुरुष पाणी होतं."

हे ऐकून मी थांबले. ठाणे खाडीबद्दल अभ्यासकांनीही हेच नोंदवलं आहे. खाडी गाळाने उथळ होत गेली आणि मोकळ्या चिखलाच्या जागी झाडं पसरली. कायद्याला झाड दिसतं, उपग्रहाला झाड दिसतं. खाडीची खोली आणि तिच्यातला मासा वरून दिसत नाही. आणि आता पलीकडच्या काठाला विमानतळ आहे. उलव्याची टेकडी उतरवून, नदी वळवून तो उभा राहिला, आणि २५ डिसेंबर २०२५पासून तिथून विमानं उडतात. नवी मुंबईत उतरणाऱ्या माणसाला या शहराचं पहिलं दर्शन घडतं ते याच हिरव्या रंगाचं.

तरी मी हटले नाही. वेंगुर्ल्याचं सांगितलं. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७पासून पाहुण्यांना वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतात. इंजिन नाही. वल्हं त्यांच्याच हातात, माहिती त्याच सांगतात, पैसे त्यांनाच मिळतात. मासे विकणाऱ्या घरांतल्या बायका. पहिल्यांदाच काकांनी मान वर केली.

"त्या मूळच्या खाडीतल्या?"

"मूळच्या."

"मग ठीक. त्यांना वाट माहीत असणार." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "ओहोटीला काय दाखवतात?"

मला सांगता आलं नाही. गोव्यातली आमची सफरही भरतीवर ठरवलेली होती. ऐरोलीच्या केंद्रातून रोहित पक्षी बघायला होड्या सुटतात त्याही भरतीच्या वेळा पाहूनच. पाणी नसेल तर होडी काय आणि फळी काय, कुठे जाणार?

"तेच," काका म्हणाले. "भरतीला खाडी झाकलेली असते. पाणी चढलं की घाण बुडते, मुळं बुडतात, निवटी बिळात जाते, सगळं गुळगुळीत दिसतं. तुझा वाटाड्या ती झाकलेली खाडी दाखवून पैसे घेतो. उघडी बघायची असेल तर ओहोटीला ये. संकष्टीला सकाळी नऊला. गावामागच्या बांधावर."

"संकष्टीच का?"

मग त्यांनी मला पाऊणकी शिकवली. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती. दशमीला दहा पाऊण साडेसात. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या सुमाराला, आणि तेव्हा उधाण. वद्य पक्षातही हीच गणती. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी पूर्ण. संकष्टीची चौथ, चार पाऊण तीन. पहाटे तीनला भरती, म्हणजे नऊ-सव्वानऊला पाणी पार खाली. आत खाडीत सगळं थोडं उशिरा, एवढं धरून चालायचं.

"आणि तुला ती फळी न्यायचीच असेल," ते जाता जाता म्हणाले, "तर दशमीला न्यायची. तेव्हा भांगाचं पाणी. चढायला कमी, उतरायला कमी, ओढ नाही. सकाळी सातला घाल आणि नऊच्या आत काढ. पौर्णिमेला घालशील तर ओहोटी तुला बेलापूरपर्यंत घेऊन जाईल."

फळीला ठाम नकार देणाऱ्या माणसाने तिच्यासाठी मुहूर्तही काढून दिला होता. मी तेव्हा काही बोलले नाही.

संकष्टीला नऊच्या आधीच बांधावर पोचले. खाडी तिथे नव्हती. म्हणजे जी मी ओळखत होते ती नव्हती. दोन्ही बाजूंना करड्या, चकाकत्या चिखलाचे उतार आणि मधे ओढ्याएवढी पाण्याची रेघ. काका आधीच खाली उतरले होते, अनवाणी. "चपला वर ठेव," ते म्हणाले, "चिखल त्या घेईल, परत देणार नाही. आणि उघाडीच्या दगडांवर पाय देऊ नकोस. कालवं आहेत, चिरून काढतील. तुझी हवेची फळी असेल तर ती पण."

मी पोटरीपर्यंत रुतले. चिखल वर थंड होता आणि खाली कोमट. पाय काढला तसा सडक्या अंड्यासारखा वास आला आणि माझं तोंड वाकडं झालं. काकांनी ते पाहिलं.

"हा नाही तो वास," ते म्हणाले. "हा रेंद्याचा. हा असायलाच पाहिजे. चिखलात हवा नसते, पाला आत कुजतो, त्याचा हा वास. आता इकडे ये." दहा पावलांवर एक नाला उतरत होता. तिथला वास आंबट, साबणाचा, माणसांच्या वस्तीचा. "हा तो. ज्याला तुम्ही खिडक्या लावता. हा खाडीचा नाही. तुमचाच आहे, तुमच्याकडे परत येतो."

चौदा वर्षं मी या दोन वासांना एकच नाव देत होते.

तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून बोटभर उंचीची हजारो मुळं वर आलेली होती, पेन्सिली रोवून ठेवाव्यात तशी. चिखलात हवा नाही म्हणून झाड ही मुळं वर काढतं आणि त्यांतून श्वास घेतं. मी एका मुळाला हात लावला. साल मऊ, बुचासारखी, तिच्यावर बारीक छिद्रं. काही मुळांवर दुधाच्या पिशव्या, काहींवर लहान मुलांचे डायपर, आणि एका जागी गाठ मारलेली निळी प्लास्टिकची पिशवी पसरून चिकटलेली, आत झेंडूचं निर्माल्य. पुलावरून कोणीतरी श्रद्धेने सोडलं असणार. पिशवीखालची मुळं काळी पडली होती. काकांनी ती ओढून काढली, खांद्यावरच्या गोणीत टाकली आणि वर बोट दाखवलं. माझ्या डोक्याच्याही वर, फांद्यांमध्ये, एका सरळ रेघेत चिंध्या आणि प्लास्टिक लटकत होतं. उधाणाचं पाणी कुठवर चढतं त्याची ती खूण. रेघेच्या खाली सगळी झाडं तशीच, दूरपर्यंत.

"भरतीला तू याच्यावरून फळी नेशील," काका म्हणाले. "आणि म्हणशील, काय शांत आहे."

मला उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात त्यांनी हात धरून मला थांबवलं. "हलू नकोस. बघ."

समोर चार हातांवर चिखल हलला. बोटाएवढा मासा, चिखलाच्याच रंगाचा, डोळे डोक्याच्या वर बसवलेले. पुढच्या दोन परांवर तो कोपरं टेकून चालत होता. निवटी. पाण्याबाहेर, उन्हात, मासा चालत होता. एक डोळा त्याने आत ओढून ओला केला आणि पुन्हा बाहेर काढला. मग दुसरी आली. पहिल्याने पाठीवरचा पंख एकदम उभारला, शीड चढवावं तसा, कडेला निळसर ठिपके, आणि दोघं तोंड उघडून एकमेकांसमोर उभी राहिली. तो दोन चिखलवाल्या शेजाऱ्यांचा बांधावरचा तंटा होता, असं काका म्हणाले. प्रत्येकीचं आपलं बीळ, आपली हद्द. लहानपणी काका त्या बिळात कोपरापर्यंत हात घालून निवट्या काढायचे. बिळाला दोन तोंडं असतात, एकावर टाच ठेवायची आणि दुसऱ्यातून हात घालायचा. त्यांनी टाच ठेवायची जागा दाखवली, पण हात घातला नाही.

"आता का नाही काढत?"

"होती तेव्हा काढली. आता मोजायला येतो. गेल्या चौथीला या वळणावर अकरा होत्या. आज सात दिसल्या."

कुठल्या खात्याने त्यांना हे मोजायला सांगितलेलं नाही. कुठे लिहिलेलंही नाही. मी तिथेच, चिखलात उभी राहून, त्यांना म्हटलं, "काका, माझी फळी राहू दे. पण हे लोकांना दाखवायलाच पाहिजे. फक्त भरती नाही, हे. आधी ओहोटीला इथे उतरायचं आणि मग दशमीला पाण्यावर जायचं. ज्याला चिखल नको त्याला पाणीही नाही. आणि दाखवणार तुम्ही."

"आज फळी, उद्या चढ-उतार करायला लाकडी धक्का, परवा धक्क्याला लागून चहाची टपरी, मग रिसॉर्ट."

"पन्नास मीटरचा नियम आहे. सागरी मंडळाची परवानगी लागेल, कांदळवन कक्षाची लागेल. आठच फळ्या, त्याही हवा काढून परत घरी न्यायच्या."

"नियमाने भराव थांबला असता तर आपण इथे कोरड्या जागी उभे असतो? भराव रात्री पडतो, बाय. तुझे आठ जण सकाळी येणार."

"सकाळी आठ जणांनी पाहिलेला ढिगारा दुपारपर्यंत ऐंशी जणांना कळेल. आज तो किती दिवस कळत नाही?"

काकांनी गोणी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "आधी पाणी साफ करा," ते म्हणाले, "मग या. मी स्वतः नेईन. या पाण्यात माणूस पडला, नाकातोंडात गेलं, तर? गोव्यात तू पडलीस तशी इथे पडलीस तर मी तुला थेट डॉक्टरकडे नेईन."

यावर माझं काही चालत नव्हतं, आणि चालायलाही नको. ज्या पाण्यात पडायची भीती वाटते त्यावर मुलांना उभं करणं बेजबाबदारपणाचं आहे, हे मला मान्य करावं लागलं. पण पाणी साफ होईपर्यंत वाट बघायची तर कोणाच्या भरवशावर? मी तेच विचारलं. "आणि तोपर्यंत तुम्ही ऐंशीचे झालात तर? पाऊणकी कोणाला येते? हे वळण, ही बिळं, कालवं कुठल्या दगडावर आहेत, कोण सांगणार?"

ते काही बोलले नाहीत. मधल्या रेघेतलं पाणी थांबलं होतं. वर तरंगणारं तिवराचं एक पिवळं पान खाली जात होतं ते थबकलं, जागीच फिरलं, आणि हळूहळू आमच्या दिशेने यायला लागलं. त्यामागे एक गुटख्याची पुडी, आणि पुडीच्या मागे, काठाकाठाने, बोटाच्या पेराएवढ्या बोयांचा एक घोळका.

"फिरलं," काका म्हणाले.

बांधावरून हाक आली. "आबा, चला, मला उशीर होतोय." त्यांचा नातू मोटरसायकल उभी करून आला होता. बावीस वर्षांचा, विमानतळावर सामान चढवायच्या कामाला नुकताच लागलेला, पायांत पांढरे स्वच्छ बूट.

"आज तिथी कोणती?" काकांनी खालूनच विचारलं.

त्याने खिशातून मोबाइल काढला.

"तो ठेव. आईने सकाळी काय खाल्लं?"

"साबुदाणा. संकष्टी आहे ना."

"म्हणजे चौथ. चार पाऊण किती?"

तो जरा थांबला. "तीन."

"दुपारी तीनला भरती. ध्यानात ठेव."

"कशाला?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्याला म्हणाले, "बूट काढ आणि खाली ये. पाणी चढायला अजून वेळ आहे."

नातवाने चिखलाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि बांधावर बसून नाड्या सोडायला लागला.